माती ओली आहे तोवर

नागपंचमी झाली, मोपाच्या सड्यावरचे गवत गुडघ्याला लागू लागले, की पेडणे महालातील चित्रशाळांच्या दाराशी पाट येऊन पडू लागतात. प्रत्येक घराचा पाट निराळा. कोणाचा फणसाच्या लाकडाचा, कोणाचा आजोबांच्या वेळचा, कडा झिजलेला. खालच्या बाजूला खडूने घराचे नाव लिहिलेले. मूर्ती त्या पाटावरच घडते, त्याच पाटावरून डोक्यावर बसून घरी येते आणि विसर्जन झाल्यावर पाट तेवढा रिकामा परत येऊन माळ्यावर जातो. त्यामुळे आपण हे काम कोणाच्या घरासाठी करीत आहोत, हे चित्राऱ्याला पहिल्या गोळ्यापासून ठाऊक असते, आणि आपला गणपती कोणता हे घरच्या माणसांनाही ठाऊक असते. साहजिकच येता-जाता माणसे चित्रशाळेत डोकावतात आणि बोलतात. उंदीर यंदा जरा मोठा झाला; गेल्या वर्षीचा चेहरा हसरा होता; सोंड किंचित आखूड वाटते. पागोळ्यांच्या आवाजात हे सारे चाललेले असते. 2023 च्या जानेवारीपासून आमच्या ह्या सड्यावरून विमाने उडू लागली आहेत, त्यांचा आवाजही आता त्यात मिसळतो. परंतु चित्रशाळेतील बोलणे मात्र पूर्वीचेच राहिले आहे.

ह्या बोलण्याविषयी आम्हांस विद्यार्थी मित्रांशी थोडा विचार करावयाचा आहे. हौसेने हातकाम करणारी मुले आपल्या शाळेत पुष्कळ आहेत. कोणी मातीकाम करतो, कोणी दिवाळीचा आकाशकंदील बांधतो, कोणी रांगोळी घालते. ती एकमेकांस आपले काम दाखवितात आणि ‘कसे झाले?’ असे विचारतात. उत्तर बहुधा एकच मिळते, ‘छान!’ हे उत्तर गोड आहे, त्यात पदरचे काही जात नाही, आणि म्हणूनच त्याचा उपयोगही फारसा होत नाही. उलट, दोष दाखविला की त्याला ‘टीका’ म्हणावयाचे आणि तोंड फिरवावयाचे, अशी आपली रीत झाली आहे. वास्तविक आपल्या जुन्या वाङ्मयात टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखविणारे विवरण. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेवर जे लिहिले, ती टीकाच. तीत गीतेची निंदा आहे, असे कोणी म्हणणार नाही.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो, ते आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी शाळेत मातीकामाचा वर्ग भरविला होता. इयत्ता नववीतील एका मुलीने साचा न वापरता सुमारे एक फूट उंचीची मूर्ती हातांनी घडविली. ही मूर्ती यंदा आपल्या घरी पुजावयाची, असे घरच्यांनी कबूल केले होते, त्यामुळे तिच्या उत्साहाला सीमा नव्हती. शनिवारी धड आणि मस्तक झाले. रविवारी सुट्टी. सोमवारी पाऊस उघडला होता, वारा सुटला होता, आणि मूर्ती बरीच सुकली होती. त्या सुकलेल्या मस्तकाला तिने ताज्या, ओल्या मातीची सोंड जोडली आणि बोटाने सारवून सांधा बुजविला. गुरुवारी आम्ही मूर्ती पाहावयास गेलो. सोंडेच्या मुळाशी, डाव्या बाजूस, केसासारखी एक बारीक रेघ आम्हांस स्पष्ट दिसली. परंतु मुलीचा चेहरा इतका आनंदी होता, की आम्ही म्हणालो, ‘फारच सुरेख!’ आमच्यामागून आणखी चौघे शिक्षक येऊन गेले. तेही तेच म्हणाले. त्यांतील दोघांना ती रेघ दिसली होती, हे आम्हांस मागाहून कळले.

मूर्तीला रंग चढला. पांढऱ्या अस्तराखाली रेघ झाकली गेली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाट उचलताना सोंड मुळापासून सुटून मुलीच्या हातात आली.

भग्न मूर्तीची प्रतिष्ठापना करीत नाहीत. तिच्या वडिलांनी धावपळ करून गावच्या चित्रशाळेतून एक लहान शिल्लक मूर्ती आणली आणि सण पार पडला. पुढे शाळा उघडल्यावर मुलीने आम्हांस विचारले, ‘सर, तुम्हांला ती रेघ दिसली नव्हती का?’ आम्ही ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ म्हणण्याचेही धैर्य झाले नाही. तिला जे समजावयाचे ते समजले असावे, कारण पुढे वर्षभर तिने आम्हांस काही दाखवून ‘कसे झाले?’ असे विचारले नाही.

आता सोंड का सुटली, हे पाहू. माती ओली असते तेव्हा तिच्या कणाकणांमध्ये पाणी असते. ते उडून गेले की कण जवळ येतात आणि माती आकसते. चिकणमाती जितकी चिकट, तितके हे आकसणे अधिक. साधारणतः लांबीत शेकडा पाच ते दहापर्यंत. मस्तक आधीच सुकून आकसलेले होते. सोंड आकसावयाची होती. एकाने जागा सोडली, दुसऱ्याने सोडली नाही, म्हणून दोघांच्या मध्ये चीर पडली. म्हणूनच जाणते कारागीर मातीत कापूस कुटून घालतात, अर्धवट घडलेली मूर्ती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात, आणि जोड द्यावयाचा असेल तर दोन्ही अंगे ओली ठेवून, कोरणीने खरवडून, मध्ये पातळ कालवलेली माती भरतात. गुरुवारी ती सोंड काढून, सांधा पुन्हा भिजवून बसविता आली असती. काम फार तर तासाभराचे होते. आमच्या एका ‘सुरेख’ शब्दाने तो तास घालविला.

ही हकीकत आम्ही गावातील एका वृद्ध चित्राऱ्यांना सांगितली. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन बसा, एवढेच म्हणाले. आम्ही पुढे चार-पाच संध्याकाळी जाऊन बसलो, आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत जे सापडले नव्हते ते तेथे पाहावयास मिळाले.

त्यांच्या हाताखाली घरचीच दोन मुले आणि शेजारची एक मुलगी काम करीत होती. मूर्ती अगदी ओली असताना काका फार बोलत. बैठक डावीकडे कलली आहे, पोट पुढे आले म्हणून मान मागे गेली आहे, हात खांद्यातून निघाला पाहिजे तो छातीतून निघाला आहे. ह्यात त्यांना संकोच नसे, आणि मुलांनाही वाईट वाटत नसे, कारण ओल्या मातीत हात मोडून पुन्हा बसविणे हे दोन मिनिटांचे काम. मूर्ती निम्मी सुकून चामड्यासारखी झाली, की त्यांचे बोलणे निम्म्यावर येई. आता बैठकीविषयी एक अक्षर नाही. फक्त दागिन्यांची कोर, बोटांमधील फटी आणि चिरा. पुरती सुकल्यावर ते रंगाविषयी तेवढे विचारीत. आणि डोळ्यांची आखणी झाली, की काका मूर्तीकडे पाहून हात जोडीत. त्यानंतर कोणी गिऱ्हाईक दोष काढू लागले, तर ते त्याला चहा देत आणि विषय बदलीत.

म्हणजे सत्य बोलावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. आज ह्या वस्तूत काय बदलता येईल, तेवढे ते पाहत आणि तेवढेच सांगत. बदलता येत नाही असा दोष ते मनात ठेवीत आणि पुढच्या मूर्तीचा पहिला गोळा पाटावर पडताना त्याची आठवण देत. ‘गेल्या खेपेला मान मागे गेली होती, यंदा आधी मान बघ.’ एक वर्षाने सांगितलेला तो दोष टोचत नसे, कारण तो उपयोगी पडे.

आणखी एक गोष्ट आम्ही टिपली. ‘चुकले’ हा शब्द ते क्वचित वापरीत. शेजारच्या मुलीने मूर्तीचा मागचा भाग जाड ठेवला होता; तो लवकर सुकणार नाही आणि पुढचा भाग आधी सुकून फाटेल, हे उघड होते. काका म्हणाले, ‘बाय, हांगा हात लाय, पळय.’ तिने मागे हात लावला, मग पुढे लावला. मागे गार लागले, पुढे कोमट. ती स्वतःच कोरणी घेऊन आतून माती काढू लागली. एका शब्दाने दोष दाखविला असता, तर तिने काकांचे ऐकले असते. येथे तिने मातीचे ऐकले. आम्ही वर्गात वह्या तपासताना तांबड्या शाईने जे ‘चूक’ लिहितो, त्याच्याजवळ मुलाचा हात नेऊन ठेवणे आम्हांस किती वेळा साधते, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात आहे.

सर्वच हातकामांना ही घाई नसते. आपली माटोळी पाहा. गणपतीच्या मस्तकावर बांधलेल्या त्या चौकटीला आसोले नारळ, सुपारीची शिपटी, तवशी, चिबूड, रानातील कांगलां, कवंडळ असे किती जिन्नस टांगतात! येथे सारे दोरीच्या गाठीवर असते. एक घड डावीकडून सोडून उजवीकडे बांधणे चतुर्थीच्या आदल्या रात्रीही शक्य असते, म्हणून त्या रात्रीपर्यंत घरातील सर्वांना बोलण्याची मुभा असते आणि सर्व जण ती घेतातही. गोवा सरकारच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीची स्पर्धा होते, तेव्हापासून जिनसांच्या संख्येला महत्त्व आले आहे. एकदा एका घरी आम्ही असता, तेथील मुलाने प्रत्येक जिनसाखाली नावाची चिठ्ठी लावली होती. त्याच्या आजीने चष्मा लावून दोन नावे चुकीची असल्याचे सांगितले. मुलगा हिरमुसला. त्याने विचारले, ‘पण आजी, माटोळी चांगली दिसते ना?’ आजी म्हणाली, ‘दिसते चांगली; पण नाव चुकले ते चुकले.’ दिसणे हा आवडीचा प्रश्न, तेथे दोघांचे मत दोन असू शकते. नाव हा माहितीचा प्रश्न, तेथे मत चालत नाही. अभिप्राय देणाऱ्याने आपण ह्यांतील कोणते बोलत आहोत, हे आधी स्वतःशी पाहिले, तर पुष्कळ भांडणे वाचतील.

बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने अपेलीझ नावाच्या ग्रीक चित्रकाराची एक गोष्ट नमूद केली आहे. अपेलीझ हा सिकंदराच्या काळचा. तो आपले चित्र रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांस दिसेल असे मांडून ठेवी आणि स्वतः चित्रामागे लपून लोक काय बोलतात ते ऐके. एका चांभाराने चित्रातील वहाणेचा एक बंद कमी असल्याचे दाखविले. अपेलीझने ती चूक सुधारली. दुसऱ्या दिवशी चांभाराने पाहिले की आपले ऐकले गेले. तेव्हा त्याने चित्रातील पायालाही नावे ठेवावयास आरंभ केला. अपेलीझ रागाने बाहेर आला आणि चांभाराने वहाणेच्या वर जाऊ नये, असे त्याने बजावले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक चित्रकाराच्या बाजूचे असतात. आम्हांस मात्र दुसऱ्या दिवशीचा अपेलीझ पहिल्या दिवशीच्या अपेलीझपेक्षा थोडा लहान वाटतो. चांभाराला शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु त्याने जन्मभर माणसांचे पाय हातांत घेतले होते. कदाचित त्या पायात खरोखरच काही खटकत असेल. काय खटकते हे त्याला नीट सांगता आले नसेल, एवढेच.

दुखते कोठे, हे रोगी सांगतो. औषध वैद्याने ठरवावयाचे असते. अभिप्राय ऐकून घेणाऱ्याला हे ध्यानात ठेवता आले, तर त्याचा बराच मनस्ताप कमी होईल. तुम्ही आकाशकंदील केला. एक मित्र म्हणाला, शेपट्या लांब कर. दुसरा म्हणाला, तांबडा कागद काढून पिवळा लाव. तिसरा म्हणाला, खालची पट्टी रुंद हवी. तिघांचे तीन उपाय, आणि तिन्ही कदाचित चुकीचे. परंतु तिघांचेही बोट कंदिलाच्या खालच्या अंगाकडेच गेले, हे विसरू नका. तेथे काहीतरी आहे. काय आहे, ते तुम्ही शोधावयाचे.

विचारण्याचीही कला आहे. ‘कसे झाले?’ ह्या प्रश्नाला सभ्य माणूस ‘छान’ याहून दुसरे काय उत्तर देणार? त्याऐवजी ‘समोरून पाहिले तर कोणता कान मोठा दिसतो?’ असे विचारले, की विचारलेल्या माणसाला पाहावेच लागते. आणि कोणी नसेल तर आरसा आहे. इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो द व्हिंची ह्याने चित्रकारांसाठी केलेल्या टिपणांत, आपले चित्र अधूनमधून आरशात पाहावे, असा सल्ला दिला आहे. कारण उलटी झालेली आकृती दुसऱ्या कोणाची असल्यासारखी वाटते आणि तिचे दोष चटकन दिसतात. आमच्या वर्गात हा प्रयोग केला. एका मुलाने आरशात पाहताच विचारले, ‘हा गणपती असा तिरका कोणी बसवला?’ सारा वर्ग हसला, तोही हसला.

काही कलांना तर परीक्षक लागतच नाही. वापर हाच परीक्षक. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपला पेडणे महाल ज्या सावंतवाडी संस्थानाच्या अमलाखाली होता, तेथील गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांच्या दहा बाजू, प्रत्येकीत राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून 120 गोल पाने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला नष्ट होण्याच्या बेतात असता, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी जुन्या कारागिराकडून ती शिकून घेऊन राजवाड्यात तिचे काम सुरू केले. राजाने शिष्य व्हावे आणि कारागिराने त्याच्या हातातील कुंचला दुरुस्त करावा, हे दृश्यच किती बोलके आहे! गंजिफेच्या पानावरील मत्स्यावतार सुंदर की साधारण, ह्यावर वाद होईल. परंतु एका पानाची पाठ इतरांपेक्षा किंचित निराळी झाली, तर खेळणारा ते पान पाठीवरूनच ओळखतो आणि सारा डाव फुकट जातो. तेथे कोणाला कोणाचे मन राखता येत नाही.

मन राखण्याची गोष्ट निघाली, म्हणून दुसऱ्या टोकाची एक आठवण सांगतो. एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी एका लहान मुलाच्या मातीच्या बैलाचे दोष पालकांसमोर मोठ्याने वाचून दाखविले. दोष सगळे खरे होते. त्या मुलाने पुढे मातीला हात लावला नाही. बैल तेव्हा भाजून, रंगवून तयार होता. त्यातील एकही दोष दुरुस्त होण्यासारखा नव्हता. आणि ऐकणाऱ्या शंभर जणांपैकी एकाच्याही तो कामाचा नव्हता. आम्ही गुरुवारी गप्प बसलो, हे गृहस्थ रविवारी बोलले. दोघांनीही वेळ चुकविली.

नावडतीचे मीठ अळणी आणि आपला तो बाब्या, ह्या दोन म्हणी आपल्या आजीपणजींनी उगाच केल्या नाहीत. मित्राची रांगोळी आपल्याला सरळ दिसते, प्रतिस्पर्ध्याची वाकडी. ह्यावर आमच्या वर्गातील मुलांनीच एक तोड काढली. पाटाखालचे नाव झाकावयाचे आणि मग पाहावयाचे. अलीकडे दूरदेशी असलेल्या नातलगांना मूर्तीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठविण्याची चाल पडली आहे, आणि तिकडून लगोलग उंचावलेल्या अंगठ्यांची रांग येते. त्या प्रेमाला आम्ही नावे ठेवीत नाही. फक्त छायाचित्रात मूर्तीची पाठ दिसत नाही आणि हात लावून गार-कोमट कळत नाही, एवढे मुलांनी लक्षात घ्यावे.

ती मुलगी आता दहावी होऊन गेली आहे. गेल्या श्रावणात ती मातीकामाच्या वर्गात लहान मुलांना मदत करण्यासाठी आपणहून आली. आम्ही तिच्याजवळ गेलो आणि सांगितले, की त्या गुरुवारी आम्हांस रेघ दिसली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने एका मूर्तीवरील ओले फडके उचलले आणि म्हणाली, ‘सर, ह्या सोंडेखाली बघा जरा. मला शंका आहे.’ आम्ही चष्मा पुसून वाकलो. रेघ नव्हती, परंतु उजवा कान पातळ झाला होता, तो आम्ही दाखविला, आणि तिने तो तेथेच काढून पुन्हा बसविला.

येत्या श्रावणातही वर्ग भरणार आहे. मूर्ती पहिले चार दिवस मागच्या पडवीत ओल्या फडक्याखाली राहतील. ज्या पालकांना व विद्यार्थ्यांना काही सांगावयाचे असेल, त्यांनी त्या चार दिवसांत यावे, हात धुऊन यावे, आणि मूर्ती मागूनही पाहावी. आखणी झाल्यानंतर येणाऱ्यांचे स्वागतच आहे. त्यांना चहा मिळेल.